हरिश्चंद्रगडाची वाट : एक पाठ

डोंगर चढणे म्हणजे शिखर गाठणे, अशी पूर्वी आमचीही समजूत होती. हरिश्चंद्रगडाच्या वाटेने ती दुरुस्त केली. तो पाठ आजी-माजी विद्यार्थ्यांसाठी येथे नोंदवीत आहोत.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. त्याचे सर्वोच्च शिखर तारामती, उंची १,४०० मीटरहून अधिक. पाचनई गावातून निघणारी वाट प्रथम रानातून चढते, मग कातळकड्याच्या पोटाशी आडवी होऊन ओढ्याच्या साथीने हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोहोचते. तेथून तारामतीचा चढ सुरू होतो.

एका हिवाळ्यात वसतिगृहातील मुलांना घेऊन आम्ही या वाटेने निघालो. निघण्यास उशीर झाला होता. चपळ मुले पुढे धावली. एक अशक्त मुलगा मागे पडला. पुढची मुले थांबत, विसावा घेत. तो धापा टाकीत त्यांच्यापर्यंत पोहोचला की ती उठून चालू लागत. ज्याला विसाव्याची गरज सर्वाधिक, त्यालाच तो मिळत नव्हता. हे आमच्या ध्यानात आले तेव्हा निम्मी वाट सरली होती. मग आम्ही त्याला सर्वांच्या पुढे ठेवले. चाल मंदावली, पण रांग एकसंध झाली. वळणे टाळून आडवाटेने चढणारी मुलेही पायवाटेवर आली. अशा आडवाटांनी झुडपे तुडवली जातात, माती सैल होते आणि पावसाळ्यात पाणी तेथूनच घळी पाडते, हे त्यांना तेथेच दाखविता आले.

मंदिरापाशी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. तारामती समोर दिसत होती. वर जाऊन परतलो असतो, तर कड्याखालची वाट अंधारात उतरावी लागली असती. आम्ही माघारी फिरण्याचे ठरविले. मुले हिरमुसली. तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, माझ्यामुळे सगळ्यांचं शिखर राहिलं.”

आम्ही सर्वांसमक्ष सांगितले, “नाही बाळा. उशिरा निघालो ते आम्ही. तुला मागे ठेवले तेही आम्ही.” क्षणभर कोणी बोलले नाही. मग सर्वांत पुढे धावलेल्या मुलाने त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि आम्ही उतरू लागलो. पाचनईत पोहोचलो तेव्हा अजून उजेड होता.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पदभ्रमणाचे तीन नियम आहेत : पहाटे निघावे, परत फिरण्याची वेळ पायथ्याशीच ठरवावी, आणि ज्याची चाल सर्वांत मंद, त्याने पुढे चालावे. पहिले दोन नियम डोंगराचे आहेत. तिसरा वर्गातही पाळता येतो, घरातही आणि समाजातही. शिखर जागेवरच असते. त्याच्याकडे पुन्हा जाता येते. मागे सुटलेल्या मुलाचे तसे नसते.