धमनीची सूज फोटोत दिसते का?

प्रश्न : आमच्या नात्यातली 26 वर्षांची मुलगी ऊसतोडीला जाते. मोळी उचलताना तिचा डावा हात लगेच भरून येतो. डॉक्टरांना त्या हाताची नाडी लागली नाही. धमन्यांना सूज असेल म्हणून त्यांनी डॉपलर आणि सीटी अँजिओग्राफी सांगितली. सूज फोटोत दिसते का? अँजिओग्राफी तर हृदयाची असते ना?
– एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : दिसते. आणि अँजिओग्राफी शरीरातल्या कुठल्याही रक्तवाहिनीची करता येते.

डॉक्टरांना ताकायासू आर्टरायटिसची शंका असावी. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकिटो ताकायासू यांनी 1908 मध्ये एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांचे विचित्र बदल मांडले, त्यांच्यावरून हे नाव पडलं. हा आजार बहुधा चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो. महाधमनी आणि तिच्या फांद्यांची भिंत सुजून जाड होते, आतली वाट अरुंद होते. हाताकडची वाट आवळली की नाडी हरवते, मूत्रपिंडाकडची आवळली की तरुण वयात रक्तदाब चढतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. पी. के. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 101 रुग्णांच्या अभ्यासावर 1973 मध्ये ग्रंथच प्रसिद्ध केला.

तेव्हा भिस्त होती धमनीत नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीवर. तिच्यात रक्ताची वाट कुठे अरुंद झाली ते कळतं, भिंत मात्र दिसत नाही. सूज तर भिंतीत असते! म्हणजे वाट अरुंद होईपर्यंत आजार लपलेलाच.

आताच्या तपासण्या भिंतच दाखवतात. डॉपलर सोनोग्राफीत मानेच्या धमनीची भिंत सगळीकडून सारखी जाड दिसते. सुई नाही, किरणं नाहीत. पण छातीतली महाधमनी तिला नीट दिसत नाही. तिथे सीटी किंवा एमआरआय लागतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, म्हणून तरुण रुग्णांत, वारंवार तपासायचं असेल तर तो बरा. पेट-सीटीत किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात. सुजेतल्या पेशी ते जास्त ओढून घेतात आणि तो भाग उजळतो. ही तपासणी महाग आहे आणि प्रत्येकाला लागत नाही.

नुसत्या फोटोवर निदान होत नाही. भिंत जुन्या व्रणानेही जाड राहते, म्हणून ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि प्रत्यक्ष तपासणी यांची सांगड घालावी लागते. या आजारावरचं स्टेरॉइड सुरू झाल्यावर सुजेच्या खुणा पुसट होऊ लागतात, तेव्हा तपासणी लांबवू नका. सीटीसाठी शिरेतून डाय टोचतात, म्हणून आधी मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्या. दिवस गेले असतील किंवा पूर्वी डायची ॲलर्जी आली असेल तर आधीच सांगा.

ऊसतोडीत हात दुखायचाच, असं म्हणून अशा तक्रारी अंगावर काढल्या जातात. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजायला सांगा. वरच्या आकड्यात 10 पेक्षा जास्त फरक आला, तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन विभागात दाखवा. तुमच्या नात्यातल्या या मुलीची तर नाडीच लागत नाही. तिला याच आठवड्यात न्या.