बर्फावरची गाडी आणि खाडीतला चिखल : पट्ट्याच्या वाहनाचा हिशेब

'दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ' हे सूत्र आपण सर्वांनी शाळेत पाठ केलं, बोर्डात लिहिलं, आणि मार्क पडल्यावर विसरून गेलो. या लेखात त्याच सूत्राला थोडं कामाला लावायचं आहे. विषय ऐकून मेसमधल्या टेबलावर हशा पिकला होता, तरी सांगते. गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला जायला पट्ट्याची गाडी लागते. ती कशी जुळवतात, तिला खर्च किती येतो, आणि तिचा आमच्या मालाडच्या खाडीत काही उपयोग आहे का?

शेवटचा प्रश्न माझा नाही. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एका काकांचा आहे. ओहोटीला त्यांची होडी काठापासून दीडदोनशे मीटर अलीकडेच थांबते. पुढे गुडघाभर चिखल. बर्फाच्या पेट्या आत नेणं, म्हावऱ्याच्या पाट्या बाहेर आणणं, सगळं डोक्यावर आणि पायांवर. काकांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मुलाने त्यांना मोबाईलवर कॅनडाचा एक व्हिडिओ दाखवला. चार चाकांच्या जागी चार रबरी पट्टे लावलेली गाडी बर्फावरून सुसाट जात होती, मागे मासेमारीचं सामान. काका मला म्हणाले, "पोरी, तू इंजिनिअरिंग करतेस ना? ही गाडी आपल्या चिखलात चालंल का ते सांग. कर्ज काढायला मी तयार आहे." कर्जाचा शब्द आला की उत्तर अंदाजपंचे देता येत नाही. म्हणून हा अभ्यास.

१. पट्टा आला कुठून?

पट्ट्याचा जन्म रणगाड्यासाठी झाला असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्याआधीच तो शेतकऱ्याच्या चिखलात चालला होता. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावाजवळची जमीन इतकी भुसभुशीत होती की वाफेचे अवजड ट्रॅक्टर त्यात रुतून बसत. बेंजामिन होल्ट यांनी नोव्हेंबर १९०४ मध्ये चाकं काढून लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे लावून पाहिले, आणि ट्रॅक्टर चालला. युद्धात पट्टा गेला तो त्यानंतर.

बर्फावरचं श्रेय मुख्यतः कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या जोसेफ-आर्मांड बम्बार्डिए यांना जातं. १९३४ च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे त्यांच्या दोन वर्षांच्या आजारी मुलाला इस्पितळात नेता आलं नाही, आणि तो गेला. १९३७ मध्ये त्यांनी दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं, आणि १९५९ मध्ये त्यांच्या कंपनीची 'स्की-डू' ही बर्फावरची स्कूटर बाजारात आली. नाव ओळखीचं वाटतंय ना? २०१५ पासून पश्चिम रेल्वेवर धावू लागलेल्या ज्या लोकलला आपण 'बम्बार्डिअर' म्हणतो, तिची विद्युत यंत्रणा त्याच घराण्याच्या कंपनीची. तो रेल्वे व्यवसाय २०२१ मध्ये अल्स्टॉमने घेतला.

आपल्या देशाचाही या गाड्यांशी संबंध आहे. अंटार्क्टिकातलं 'मैत्री' हे आपलं केंद्र १९८९ पासून चालू आहे. त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. तिथे बर्फावरून सामान ओढायला 'पिस्टेनबुली' या जर्मन बनावटीच्या, रुंद पट्ट्यांच्या गाड्या वापरल्या जातात. आणि घराजवळचं उदाहरण म्हणजे नालेसफाईचा पोकलेन. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, आपल्याकडे ते यंत्राचंच नाव झालं. त्याच्या पट्ट्याला ऑपरेटर लोक 'चेन' म्हणतात.

२. दाबाचा हिशेब

आता वही काढा. ६५ किलोचा माणूस चालतो तेव्हा एका क्षणी त्याचं सगळं वजन एका पायावर असतं. तळव्याचं क्षेत्रफळ सुमारे २०० चौ. सेंमी. म्हणजे दाब झाला ०.३२ किलो प्रति चौ. सेंमी. मोटारीच्या टायरचा जमिनीवरचा दाब साधारण त्याच्यातल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. ३० पीएसआय म्हणजे २.१ किलो. २० टनांचा पोकलेन? त्याच्या दोन चेनचं जमिनीवरचं क्षेत्रफळ सुमारे ४.२ चौ. मीटर, म्हणजे दाब फक्त ०.४८ किलो. हत्तीएवढं धूड मारुतीपेक्षा हलक्या पावलाने चालतं!

आता काकांची गाडी. मूळ गाडी ६५० किलो, पट्ट्यांमुळे वाढलेलं वजन १५०, दोन माणसं १३०, माल १७०. एकूण ११०० किलो. प्रत्येक पट्टा ३२ सेंमी रुंद आणि जमिनीला टेकलेली लांबी ७५ सेंमी धरली तर चौघांचं क्षेत्रफळ ९६०० चौ. सेंमी. दाब ०.११५ किलो. म्हणजे चालत्या माणसाच्या जवळजवळ एक तृतीयांश. इथपर्यंत पाहिलं तर काका जिंकले.

३. बर्फाचा नियम वेगळा

पण व्हिडिओतली गाडी तळ्यावर बुडत नाही ती पट्ट्यामुळे, असा समज असेल तर तो सोडून द्या. पट्टा उपयोगी पडतो तो बर्फाच्या थरावर साचलेल्या भुसभुशीत हिमात. खालचा घट्ट थर पाण्यावर तरंगणाऱ्या पत्र्यासारखा वाकतो, आणि तिथे प्रश्न एकूण वजनाचा असतो. गोल्ड यांचं सूत्र सोपं आहे : सुरक्षित वजन (किलो) = ३.५ × जाडीचा (सेंमी) वर्ग. ११०० किलोला जाडी हवी सुमारे १८ सेंमी, म्हणजे सात इंच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं निसर्गसंपदा खातंही पायी जायला चार इंच आणि शेजारी-शेजारी आसनांच्या अशा गाडीला सात ते आठ इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा असं सांगतं. पांढरा, हवा भरलेला बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरायची. सूत्र आणि सरकारी सूचना एकाच आकड्यावर येतात, हे पाहून मला खरोखर आनंद झाला.

४. जुळणी

गाडीची जुळणी कशी होते तेही थोडक्यात पाहू. चाक काढून त्याच हबवर दातेरी चाक बसवतात. ते पट्ट्याच्या आतल्या दात्यांना ओढतं. खाली छोटे रोलर वजन पेलतात, पुढची-मागची चाकं पट्टा ताणून धरतात. लक्षात ठेवायच्या गोष्टी चार :

अ) पट्ट्याचा ताण. सैल असेल तर दाते घसरतात, जास्त घट्ट असेल तर बेअरिंग जातं आणि इंजिनाची शक्ती वाया जाते.
आ) फिरणं रोखणारा अटकाव. हा नसेल तर अडथळ्यावर अख्खा पट्टासंच हबभोवती गोल फिरून गाडीच्या अंगाला घासतो.
इ) गिअर. दातेरी चाकाचा परिणामी व्यास टायरपेक्षा लहान, म्हणून ओढ वाढते आणि वेग कमी होतो. शिवाय घर्षण वाढल्यामुळे पेट्रोल जास्त लागतं.
ई) वजनाची वाटणी. सगळा माल मागे लादला तर मागचे पट्टे रुततात, आणि वर केलेला सरासरी दाबाचा हिशेब फुकट जातो.

५. खर्च

अमेरिकेत अशी मध्यम गाडी साधारण १५ हजार डॉलरला आणि पट्ट्यांचा संच ५ हजारांच्या आसपास पडतो असं धरू. डॉलरला ८५ रुपये लावले तर १७ लाख. जहाजाचं भाडं आणि आयात शुल्क वेगळं. नुसते १७ लाख आठ वर्षांत वाटले तर वर्षाला सव्वादोन लाखांच्या आतबाहेर. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. उधाण-भांग, सणवार सोडून वर्षाला १५० दिवस काम धरलं तर दिवसाला सुमारे १,४२० रुपये. आठ लिटर पेट्रोल १०४ रुपयांनी ८३२. खारं पाणी बेअरिंग आणि बोल्ट खातं, म्हणून दुरुस्ती वर्षाला एक लाख, दिवसाला ६६७. बेरीज २,९०० च्या वर, आणि बँकेचं व्याज अजून धरलेलंच नाही. छोट्या होडीच्या रोजच्या कमाईतून एवढे पैसे बाजूला काढायचे तर घरात काय उरणार?

पट्ट्यांचा बाजार मात्र आता आपल्या शेजारी येतो आहे. भांडुपला कारखाना असलेल्या सिएटने डिसेंबर २०२४ मध्ये मिशेलिनकडून 'कॅम्सो' या नावाचा, लहान बांधकाम यंत्रांच्या टायर आणि रबरी पट्ट्यांचा व्यवसाय सुमारे २२.५ कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. आपल्यापैकी कुणाला उद्या याच धंद्यात नोकरी लागली तर आश्चर्य नको.

६. चिखल काय म्हणतो?

खर्च बाजूला ठेवला तरी मुख्य प्रश्न उरतोच. चिखल पेलेल का? सिव्हिलच्या मैत्रिणीला घेऊन ओहोटीला गेले. दहा बाय दहा सेंमीची फळी, तिच्यावर दांडा, आणि वरून एकेक किलोची वजनं. काठाजवळ १८ किलोला फळी खाली बसली. पाण्याच्या कडेला, जिथे होडी थांबते, तिथे १२ किलोलाच.

मऊ चिकणमातीत चौरस फळीची धारणक्षमता तिच्या चिकटबळाच्या सुमारे ६.२ पट असते, आणि लांब पट्टीची ५.१४ पट. त्यावरून काठाजवळचं चिकटबळ जवळजवळ ३ किलोपास्कल, पाण्याजवळचं १.९. म्हणजे पट्ट्याला काठाजवळचा चिखल ०.१५७ किलो प्रति चौ. सेंमी पेलेल, पाण्याजवळचा फक्त ०.१०. आपली गाडी ०.११५. काठाजवळ चालेल, होडीजवळ रुतेल. त्यात रोलरच्या बरोबर खाली दाब सरासरीच्या दीडपट सहज जातो. म्हणजे काठाजवळचीही खात्री नाही.

ओढण्याचं तर विचारूच नका. चिकणमातीत जास्तीत जास्त ओढ म्हणजे क्षेत्रफळ गुणिले चिकटबळ. ०.९६ × ३ = २.८८ किलोन्यूटन, साधारण २९४ किलो. गाडीला स्वतःला चिखलातून पुढे जायलाच वजनाच्या वीस टक्के, म्हणजे २२० किलो लागतात असं धरलं तर उरले ७४. एवढ्यात होडी ओढणं होणार नाही. आणि गंमत अशी की गाडीवर वजन वाढवून ओढ वाढत नाही. ते वाळूत होतं, चिखलात नाही. किनाऱ्याच्या ओल्या, घट्ट वाळूवर साधा ट्रॅक्टर होडी ओढतो आणि खाडीत तोच ट्रॅक्टर फसतो, त्याचं कारण हेच. जमिनीवरच्या वाहनांचं हे शास्त्र एम. जी. बेकर यांनी १९५६ च्या पुस्तकात सविस्तर मांडलं. पुढे चंद्रावरच्या गाडीच्या चाकांवरही त्यांनी काम केलं.

कायद्याचीही बाजू आहे. कांदळवन आणि जिवंत चिखलपट्टे किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक गटात येतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनाच्या नाशाला मनाई केली आहे. पट्ट्याच्या दात्यांखाली तिवरांची श्वसनमुळं कापली जातील, निवट्यांची आणि चिंबोऱ्यांची बिळं चेपली जातील. ओहोटीला त्याच चिखलात कोळणी शिंपल्या वेचतात. एकाचे गुडघे वाचवायला दहा जणींची रोजी घालवून कसं चालेल?

७. मग करायचं काय?

चिखलावर भार देऊन ओढायचंच कशाला? ओढणारं यंत्र पक्क्या जमिनीवर ठेवायचं. धक्क्यावर विंच, चिखलात फायबरची सपाट बुडाची घसरगाडी, आणि मध्ये दोर. दोन मीटर लांब, ९० सेंमी रुंद घसरगाडी मालासकट ३०० किलो धरली तर दाब फक्त ०.०१७ किलो. पाण्याजवळचा चिखलही हे सहज पेलतो. ओढायला वजनाच्या निम्मं बळ, १५० किलो, आणि वेग अर्धा मीटर सेकंदाला. शक्ती झाली ७३६ वॉट, म्हणजे बरोबर एक हॉर्सपॉवर. दोनशे मीटरला पावणेसात मिनिटं. होडीकडे रिकामी परत न्यायला धक्क्यावरून होडीजवळच्या खुंट्याला कप्पी लावून फिरता दोर. वाट मात्र तिवरं नसलेली, होड्यांच्या नेहमीच्या वहिवाटीची. मोटर, गिअरबॉक्स, दोर आणि फायबर धरून लाखाच्या आत काम बसावं असा आमचा अंदाज आहे.

काकांना मी हे आकडे कागदावर लिहून दिले आणि गाडीसाठी कर्ज काढू नका असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि एकच शंका काढली, "दोर तुटला तर?" हा प्रश्न कुठल्याही व्हायव्हापेक्षा अवघड आहे. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा परत येतो. म्हणून जादा भाराला घसरणारा क्लच, दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये म्हणून कठडा, आणि दोन्ही टोकांना थांबवायचं बटण, एवढं तरी हवंच.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी आपण तेच तेच विषय झेरॉक्सच्या दुकानातून उचलतो. मेकॅनिकलचे दोन, इलेक्ट्रिकलचा एक आणि सिव्हिलची एक इतके जण मिळाले तर हे विंच एका सेमिस्टरमध्ये उभं राहू शकतं. चिखलाची चाचणी झालेली आहे, आकडे वर दिले आहेत, त्यात खोट सापडली तर सांगा. ज्यांना यायचं असेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहावं. येताना जुने कपडे आणा. बूट आणू नका, चिखल ते ठेवून घेतो.