दोन घरांचीं जाळीं बिनतारी सेतूनें कशीं जोडावीं

शेतकऱ्याचा संसार एका छपराखालीं मावत नाहीं. राहतें घर गावठाणांत, गोठा व गुदाम मळ्यांत, आणि पंपघर त्याहून पलीकडे, अशी मांडणी बहुतेकांची असते. आतां प्रत्येक ठिकाणीं कॅमेरा, संगणक अगर पंप चालू-बंद करणारें यंत्र येऊन बसलें आहे. एका छपराखालचीं हीं यंत्रें तारेनें एकमेकांस जोडलेलीं असतात. ह्या जोडणीस नेटवर्क म्हणजे जाळें म्हणतात. अडचण येते ती दोन छपरांमधल्या जागेंत.

आम्ही देवनारास राहतों. येथें मळे नाहींत, परंतु अडचण तीच आहे. गल्लीच्या अलीकडे थोरल्या भावाचें घर, पलीकडे धाकट्याचें, आणि मध्यें रहदारीचा रस्ता. तो खणावयाचा तर महानगरपालिकेची परवानगी हवी. मळ्यांतून तार नेणारास दुसऱ्याच्या गटांतून जावें लागतें, आणि वहिवाटीचे तंटे किती पिढ्या चालतात हें महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविल्यामुळें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. शिवाय जाळ्याच्या तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर, म्हणजे सुमारें ३२८ फूट. आणि दोन इमारतींमधली उघड्यावरची तांब्याची तार वीज कडाडली असतां दोन्हीकडचीं यंत्रें जाळूं शकते. ज्यास स्वतःच्याच जमिनींतून चर खणतां येतो त्यानें खुशाल फायबर पुरावें, सेतूच्या नादीं लागूं नये. इतरांसाठीं हा लेख आहे.

सेतू म्हणजे दोन लहान यंत्रांची जोडी. एक ह्या छपरावर, एक त्या छपरावर, तोंडें समोरासमोर. प्रत्येक यंत्रापासून एक तार घरांत उतरते. तीच वीज पुरविते व तीच निरोप नेते. कल्पना नवी नव्हे. १९२७ सालीं खडकीच्या केंद्रांतून बिनतारी लाटांचा झोत इंग्लंडाकडे वळवून संदेश पाठविण्यास प्रारंभ झाला, आणि तिकडून येणारा झोत दौंडास घेतला जाई. लाटा चोहोंकडे उधळण्याऐवजीं एका दिशेस वळवाव्या, हेंच तत्त्व येथें आहे. आमच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यांत मुंबईच्या आय. आय. टी.नें 'ग्राममार्ग' ह्या प्रयोगांत गांवें अशाच बिनतारी दुव्यांनीं जोडलीं, व त्या कामास २०१७ सालीं मोझिलाचें पारितोषिक मिळालें.

परवान्याची भीति नको. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्यें, आणि ५ गिगाहर्ट्‌झचे पट्टे घराबाहेरच्या वापरासहि ऑक्टोबर २०१८ मध्यें, शक्तीच्या ठरावीक मर्यादेंत परवान्यावांचून मोकळे झाले. देवनारसारख्या दाट वस्तींत पहिल्या पट्ट्यांत घरोघरच्या राऊटरांचा गलबला असतो. म्हणून सेतूस दुसराच घ्यावा.

नजर पोंचते तेथें लाट पोंचते, असें दुकानदार सांगतात. तें अर्धेंच खरें आहे. लाट दोरीसारखी बारीक जात नाहीं. मध्यें तिला फुगवटा असतो. ५.८ गिगाहर्ट्‌झच्या लाटेस अर्ध्या किलोमीटरच्या अंतरांत मध्यभागीं सुमारें अडीच मीटर त्रिज्येची वाट लागते, व तींतली निदान दीड मीटर तरी मोकळी हवी. वैशाखांत लहान खोडव्यावरून जुळविलेला सेतू आश्विनांत वाढलेल्या उसानें बुजतो. इतक्या थोड्या अंतरावर पावसाच्या सरीचें भय फारसें नाहीं. भय ओल्या पानांचें. तेव्हां खांबाची उंची पिकाच्या पुऱ्या वाढीवरून ठरवावी.

दोन्ही यंत्रें छपरावर चढविण्यापूर्वीं टेबलावर शेजारीं ठेवून जुळवून घ्यावीं. एक 'ॲक्सेस पॉइंट' करावें, दुसरें 'स्टेशन'. दोहोंत 'ब्रिज' अगर 'डब्ल्यूडीएस' ही पद्धत चालू असावी. तिच्यावांचून पलीकडचें यंत्र स्वतःच्याच नांवानें बोलतें आणि त्याच्या मागचीं यंत्रें आपापल्या नांवानें ओळखलीं जात नाहींत. संकेतशब्दहि तेव्हांच घालावा. वर बसविल्यावर जोर उणे ५० ते उणे ६५ डीबीएमच्या दरम्यान येईपर्यंत तोंड हळूहळू फिरवावें.

येथवरचें काम गवंड्याचें. खरी खोटी होते ती दप्तरांत. बाजारांतून येणारे अनेक राऊटर स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच घेऊन येतात, व डीएचसीपी नांवाच्या सोयीनें घरांतल्या यंत्रांस पुढचे क्रमांक वाटतात. दोन गांवांचे सर्व्हे नंबर एकापासूनच सुरू होतात, त्याची कोणास अडचण नसते. परंतु गांवें एक केलीं आणि दप्तरें तशींच ठेवलीं, तर नंबर १ कोणाचा? सेतू बांधतांच दोन घरांचें तसेंच होतें: आज चालतें, उद्यां बंद पडतें, आणि दोष बिचाऱ्या सेतूस लागतो.

उपाय सोपा आहे. क्रमांक वाटणारा एकच असावा. दुसऱ्या घरच्या राऊटरास १९२.१६८.१.२ हा पत्ता देऊन त्याची डीएचसीपी बंद करावी, व सेतूची तार त्याच्या 'लॅन' भोकांत खोचावी. सेतूच्या यंत्रांस ३ व ४ हे शेवटचे आंकडे द्यावे. पहिल्या राऊटरानें १०० पासून पुढें वाटावें. सेतू असतां त्याच दोन घरांत आणखी एक तार जोडूं नये, नाहींतर निरोप गोल फिरत राहून सगळें जाळें गुदमरतें.

आणि हें सर्व एकत्र नांदणाऱ्यांसाठीं. ज्या भावांची वाटणी झाली आहे त्यांनीं थोडा विचार करावा. कारण जाळें एक झालें कीं एकाचे कॅमेरे, संगणक, छपाईयंत्र दुसऱ्याच्या जाळ्यांतून सांपडूं लागतात. केवळ इंटरनेट वाटून घ्यावयाचें असेल, तर धाकट्या घरच्या राऊटरची डीएचसीपी चालूच ठेवावी, त्याचे क्रमांक १९२.१६८.२ चे करावे, आणि सेतूची तार 'वॅन' भोकांत खोचावी. मग धाकट्याचीं यंत्रें थोरल्यास सहसा दिसत नाहींत. उलट बाजूनें मात्र असा आडपडदा राहत नाहीं. तोहि हवा असल्यास थोरल्या घरीं दोन जाळीं वेगळीं ठेवूं शकणारा राऊटर घ्यावा, व तें खरेदीपूर्वींच दुकानदारास विचारावें.