लॅपटॉपमधून काढलेला जुना सेल

लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर तारीख-वेळ चुकल्याचा संदेश येतो, दर वेळी एफ-वन दाबावं लागतं, घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं. अशा वेळी बहुधा मदरबोर्डवरचा छोटा सीमॉस सेल उतरलेला असतो. लॅपटॉप बंद असताना घड्याळ आणि सुरुवातीची सेटिंग्ज तो सांभाळतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये असा वेगळा सेल नसतो. जिथे असतो तिथे बहुतेकदा सीआर २०३२ हा बटण सेल सापडतो: ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा, चकचकीत. व्हिडिओ पाहून तो घरच्या घरी बदलणारे पुष्कळ आहेत. खुशाल बदला. मला काळजी आहे ती टेबलावर राहिलेल्या जुन्या सेलची, कारण घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर ते तो तोंडात घालू शकतं.

‘संपलेलाच तर होता,’ असं म्हणून पालक निर्धास्त राहतात. पण घड्याळ चालवायला अपुरी पडणारी वीज अन्ननलिका जाळायला पुरते. एवढ्या रुंदीचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत सहज अडकतो. ओलसर आवरणातून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. त्यासाठी सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते.

मूल गिळताना दिसलं नसेल तर ओळखणं अवघड जातं. लाळ गळते, खाणं नको म्हणतं, खोकतं, उलटी करतं. घरचे सर्दी-खोकला समजतात. कधी काहीच लक्षण नसतं. म्हणून सेल सापडत नसेल आणि नुसता संशय असेल, तरी लगेच एक्स-रे काढून घ्या. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो, पण कडेला दुहेरी वर्तुळ असतं. डॉक्टरांना ‘बटण सेल’ हे शब्द आवर्जून सांगा, पाकीट असेल तर दाखवा.

आपल्याकडे काही गिळलं की केळं किंवा भाताचा गोळा खायला घालतात. इथे ते अजिबात करू नका, उलटीही काढू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, त्याला गिळता येत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी २ छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे जळण्याचा वेग थोडा कमी होतो, एवढंच. मध घरात नसेल तर शोधत बसू नका. दुर्बिणीने सेल काढण्याची सोय असलेलं रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

सेल नाकात किंवा कानात गेला असेल तर थेंब घालू नका. ओलाव्याने इजा वाढते.

सेल निघाल्यावरही जखम काही दिवस खोलवर जाऊ शकते. उलटीत रक्त किंवा काळी शी दिसली तर रात्र असो वा पहाट, लगेच परत रुग्णालयात जा.

आणि जुना सेल लॅपटॉपमधून निघताक्षणी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळा, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. रिमोट, वजनकाटा आणि दिवे लागणारी खेळणी यांतही असेच सेल असतात. त्यांच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे ना, हे आजच पाहून घ्या.