माळावरचे वाडे : सोलापूरच्या धनगरवाटांवर तीन दिवस

मंगोलियाच्या गवताळ पठारावर पाठीवर सॅक घेऊन फिरायचं, पशुपालकांच्या गोल तंबूत, म्हणजे गेरमध्ये मुक्काम करायचा, असं स्वप्न सह्याद्री पालथा घातलेल्या पुष्कळ भटक्यांनी मनात जपलेलं असतं. ते जरूर पुरं करावं. पण फिरत्या पशुपालकांचा मुलूख म्हणजे काय, हे समजून घ्यायला पासपोर्ट लागत नाही. सोलापूरला उतरा आणि मंगळवेढा-सांगोल्याच्या माळाकडे तोंड करा. इथला हटकर धनगर आजही मेंढरं, घोडी, कुत्री आणि सगळं बिऱ्हाड घेऊन वर्षातले कित्येक महिने चालत असतो.

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० ते ५५० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. मुरमाड जमीन, खुरटं गवत, अधूनमधून बोर, बाभूळ, हिवर, तरवड. गडकोट आणि घाटवाटांना सरावलेल्या डोळ्यांना इथे पहिल्या तासात काहीच दिसत नाही. सरकारी कागदांवरही अशा जमिनीची नोंद बहुधा पडीक म्हणूनच असते. हा समज घरी ठेवून निघा. माळाचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी चराईचा, कुणाच्या तरी वाटेचा, नाहीतर कुणाच्या तरी शेताला लागून असतो. या भटकंतीचा पहिला आणि शेवटचा नियम त्यातूनच येतो : माळ मोकळा असतो, रिकामा नसतो.

आधी धनगरांचं पंचांग समजून घ्या

सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. पावसाळ्यात काळी रानं बरीचशी मोकळी असतात, माळावर गवत असतं, म्हणून मेंढरं गावाकडे राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरली की रानं बंद होतात आणि माळाचं गवतही वाळू लागतं. दिवाळी झाली की वाडे हलतात. वाडा म्हणजे एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा फिरता तळ. खरिपाची पिकं निघालेल्या, पाण्याच्या मुलखाकडे त्यांची वाट लागते. कुणी भीमेच्या काठाने वर सरकतं, कुणी कर्नाटकात उतरतं, कुणी थेट कोकणापर्यंत जातं. मृगाच्या सुमारास सगळे परत फिरतात.

या वाटचालीत शेतकऱ्याशी देवघेव असते. कापणी झालेल्या रानात रात्री मेंढरं बसवली की लेंडीखत आणि मूत्र थेट जमिनीत जिरतं. त्याचा मोबदला धान्यात किंवा पैशात मिळतो. मंगोलियाच्या पशुपालकाला शेकडो किलोमीटर उघडं गवत मिळतं. आपला धनगर शेतांच्या मधून वाट काढतो आणि प्रत्येक मुक्कामाला कुणाशी तरी बोलून जागा ठरवतो. त्याच्या मुलखात फिरायचं तर आपणही विचारूनच पाऊल टाकायचं.

मग जायचं केव्हा? ऑगस्ट-सप्टेंबरात माळ हिरवा असतो आणि मेंढपाळ गावाजवळ भेटतात. दिवाळीत मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीची यात्रा असते. नोव्हेंबर ते जानेवारी हवा उत्तम, वाडे वाटेवर आणि पाहुणे पक्षी आलेले. ज्वारी निघाल्यावर फेब्रुवारीपासून रानं पुन्हा चराईला खुली होतात, पण तेव्हापासून ऊनही चढू लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत इथे पायी फिरू नका.

तीन दिवसांची आखणी

पहिला दिवस, शुक्रवार : नान्नज. सोलापूरहून बार्शी रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर. १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य ते हेच. सुरुवातीला त्याचं क्षेत्र सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. शेतं आणि गावंसुद्धा त्यात आल्याने लोकांची अडचण झाली आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक पक्षी आता इथे दिसेल अशी आशा धरून येऊ नका. तरी काळविटांचे कळप, धाविक, चंडोल आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी पाहायला पहाटे पोचा. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घ्या. गवतात गाडी घालू नका, कारण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी चाकाखाली येतात.

परतताना तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावावर थांबा. एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा एकरुख तलाव हिवाळ्यात पाणपक्ष्यांनी गजबजतो. मंगोलिया आणि तिबेटच्या सरोवरांकाठी वीण करणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून महाराष्ट्रातल्या जलाशयांवर येतात. ते इथे दिसले तर दोन गवताळ मुलखांचं नातं डोळ्यांसमोर उभं राहील.

दुसरा दिवस, शनिवार : मंगळवेढा आणि त्याचा दक्षिण भाग. सोलापूरहून एसटीने मंगळवेढा साधारण दीड तास. दुष्काळात सरकारी कोठारं उघडून उपाशी माणसं जगवणाऱ्या संत दामाजींचं हे गाव. गावाभोवती काळीभोर जमीन आणि मालदांडी ज्वारी. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दक्षिणेकडे जसजसे जाल तसतशी काळी माती सरते, मुरूम सुरू होतो आणि कानावर मराठीबरोबर कानडी पडू लागते. पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडणारी ही गावं. गाडीरस्त्यांनी आणि पाणंदींनी दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर पुरेत. मेंढरं चरत चरत चालतात. त्यांच्या चालीने चाललात तरच वाटेवर कुणी बोलायला थांबेल.

कर्नाटकाच्या सीमेजवळचं हुलजंती हे धनगरांच्या महालिंगराया या दैवताचं ठाणं. दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री देवळाच्या शिखराला शिवपार्वती मुंडास बांधतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी पालख्यांची भेट होते. याच तालुक्यातल्या हुन्नूरचा बिरोबा हा गुरू आणि महालिंगराया शिष्य, म्हणून ही भेट गुरुशिष्यांची. ढोल-कैताळाच्या गजरात भंडारा, खोबरं आणि लोकर उधळली जाते. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून मोठा समाज लोटतो. यात्रेला जाणार असाल तर मुक्कामाची सोय मंगळवेढ्यात आधीच करा, गर्दीत मौल्यवान सामान नेऊ नका आणि भंडाऱ्याने कपडे पिवळे होणार हे धरून चला.

तिसरा दिवस, रविवार : सांगोला. इथला जनावरांचा आठवडी बाजार पहाटेच सुरू होतो. खिलार बैल, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, आणि त्यांच्यासोबत दोर, घुंगरं, चाबूक. सौदा चालला असताना मध्ये पडू नका, कडेला उभं राहून पाहा. तालुक्यातल्या महूदला राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. जातिवंत मेंढ्यांबद्दल जाणून घ्यायचं असेल तर आधी परवानगी घेऊन कामाच्या दिवशी जा. परतीला सांगोल्याहून पंढरपूर-कुर्डुवाडीकडे रेल्वे आणि एसटी दोन्ही मिळतात.

सॅकमध्ये काय भरावं

पाणी माणशी चार लिटर. माळावर विहिरी दिसतात, पण त्यांतलं पाणी गाळून-शुद्ध करूनच प्या. जनावरांच्या हौदात हात-तोंड धुऊ नका. खाण्यासाठी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, वजनाला हलकी असते आणि कुठेही चालते. सोबत गूळ, कांदा, लिंबू.

घोट्यापर्यंत झाकणारे बूट घ्या. कुसळी गवताची टोकदार कुसळं मोज्यांतून आत शिरतात आणि चालणं नकोसं करतात. पोटरीला गुंडाळायला जाड कापडी पट्टी असेल तर उत्तम. काळ्या मातीत पाऊस पडला की चिखल बुटाला किलोकिलोने चिकटतो, म्हणून ओल्या दिवसांत मुरमाची वाट धरा. रुंद कडांची टोपी, विजेरी, साधी औषधं, छापील नकाशा. थंडीत रात्रीचा गारठा चांगलाच असतो.

मुक्कामाला शाळेचा व्हरांडा, देवळाची ओसरी किंवा धर्मशाळा मिळू शकते, पण सरपंच किंवा पोलीस पाटलांना विचारल्याशिवाय पथारी टाकू नका. पंढरपूर आणि मंगळवेढ्यात लॉज आहेत. चूल पेटवणं टाळा. वाळल्या गवतात एक ठिणगी अख्ख्या गावाची वर्षाची वैरण जाळू शकते.

वाड्यावर जाताना

लांबूनच हाक द्या. वाड्यावरची कुत्री राखणीसाठी असतात, ती अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. मंगोलियातही गेरजवळ जाताना आधी कुत्री आवरा अशी हाक देण्याचा रिवाज आहे, तो याच कारणाने. मालकाने कुत्री आवरली की मगच पुढे व्हा. कळपाच्या मधून चालू नका, कडेने वळसा घ्या. घोड्याच्या मागून जाऊ नका.

वयाने मोठ्या बाप्याला मामा किंवा अण्णा, बाईला मावशी किंवा आक्का म्हणा. रामराम करा, आपण कोण, कुठले हे आधी सांगा. दिवसा पुरुष मेंढरांमागे असतात. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या तळावर जातात, चुली मांडतात, डालग्याखालची कोकरं सांभाळतात. वाड्याची निम्मी-अधिक व्यवस्था त्यांच्या हातात असते, तेव्हा प्रश्न फक्त पुरुषांना विचारून निघून येऊ नका. सकाळी वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, गुंडाळायची घाई असते आणि सांजेला कोकरं आयांकडे पाजायला सोडायची असतात. बोलायला दुपारची झाडाखालची वेळ चांगली.

मेंढरं किती, हे विचारू नका. ते एखाद्याला बँकेतली शिल्लक विचारण्यासारखं आहे. फोटो विचारून काढा. ड्रोन उडवू नका, त्याच्या आवाजाने कळप उधळतो. चहा दिला तर घ्या, पण दूध मागू नका. त्यावर कोकरं वाढायची असतात. उलट आपल्याकडचा गूळ, चहापत्ती, मुलांसाठी वही-पेन्सिल द्या. पैसे द्यायचे तर कुणी वाट दाखवली, दिवस मोडला, त्याचे ठरवून द्या.

रात्री ओव्यांना बसायचं भाग्य लाभलं तर शेवटपर्यंत बसा. बिरोबाच्या कथा तासन्‌तास चालतात. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने अशा ओव्या गोळा केल्या. धनगरांच्या देवांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये आणि १९८९ साली इंग्रजीत आला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचं मूळ याच गोपजनांच्या दैवतात शोधलं. निघण्याआधी हा ग्रंथ वाचा. वाटेवरचं प्रत्येक बिरोबाचं ठाणं मग बोलू लागतं.

धोके

फुरसं आणि घोणस दगडांच्या आडोशाला, गवतात असतात. दगड उचलू नका, रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नका. साप चावल्यास चिरा देणं, आवळून बांधणं असले उपाय न करता हालचाल थांबवून तडक सरकारी रुग्णालय गाठा. कुत्रं चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. लांडगा दिसला तर पाठलाग करू नका. तो कायद्याने संरक्षित आहे. त्याच्या गुहेची जागा कुणालाही सांगू नका. धनगराचं मेंढरू लांडग्याने नेलं असेल तर त्याच्यापुढे लांडग्याचं कौतुकही करू नका. त्याचं नुकसान खरं असतं. वनखात्याकडून भरपाई मिळते. पंचनाम्याचा अर्ज भरायला मदत केलीत, तर ते लांडग्याच्याही उपयोगाचं आहे.

घरी काय न्यावं

एक घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर राठ, रंग बहुधा काळा. सणगर कारागीर घोंगडी मागावर विणतात आणि सुताला चिंचोक्याची खळ देतात. पाऊस आला की तिची खोळ करून डोक्यावर घ्यायची, रात्री तीच अंथरूण-पांघरूण. खरी लोकर ओळखायची तर एक धागा जाळून पाहा. केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते. आज पुष्कळ ठिकाणी कातरणीचा खर्चही लोकरीतून निघत नाही, मेंढी मटणासाठीच पाळली जाते. म्हणून विणकराच्या घरून, त्याने सांगितलेल्या भावात घ्या. हाताने विणलेल्या वस्तूवर घासाघीस करू नका.

आणि गावी परतल्यावर एक काम करा. चराईचे माळ वृक्षलागवडीखाली जातात, प्रकल्पांना दिले जातात, कुंपणात अडकतात, आणि त्या वेळी ती जमीन ओसाड होती असं सांगितलं जातं. तुम्ही ती चालून पाहिली आहे. तिथे कोण राहतं, काय चरतं, काय उगवतं हे तुम्हाला ठाऊक आहे. अशी चर्चा निघेल तिथे ते ठामपणे सांगा. आपल्या मुलखातल्या फिरत्या माणसांसाठी भटक्याने करावं असं याहून उपयोगाचं काम मला दुसरं दिसत नाही.