कापूस कुठे जातो?

मुलांनो, दिवाळीनंतर बीबीच्या रस्त्याने कापसाने भरलेल्या गाड्या जाताना तुम्ही पाहिल्या असतील. हा कापूस आधी जिनिंगमध्ये जातो. शंभर किलो कापसातून रुई निघते सुमारे ३४ किलो; बाकी बहुतेक सरकीच. मग सरकीचे ओझे मुंबईपर्यंत कशाला वाहून न्यायचे? म्हणून जिनिंग शेताजवळ असते. आपल्या जिल्ह्यातील खामगावचा कापूस-बाजार एवढा मोठा होता, की १८७० साली तेथपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला.

रुईचे मात्र तसे नाही. तिचे सूत झाले तरी वजन फारसे घटत नाही. त्यामुळे सूतगिरणी दूरही चालते. आपला कापूस बाहेर जातो आणि सदरा होऊन दुकानात परत येतो. मधली मजुरी व नफा बाहेरच राहतो. जमशेदजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कापूस जवळ मिळतो हे एक कारण होतेच. ती गिरणी आता बंद पडली आहे.

कारखान्याला लागणाऱ्या मूळ मालाला कच्चा माल म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'खाम माल' म्हणतो. (खामगावच्या नावाशी याचा संबंध जोडू नका!) हा माल कुठून येतो यावरून उद्योगांचे प्रकार पडतात. कापड, साखर, तेल हे शेतीवर आधारित उद्योग. बल्लारपूरचा कागद बांबू व लाकडापासून होतो, म्हणून तो वनांवर आधारित. चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंटला चुनखडी लागते. तो खनिजांवर आधारित. दूध, कातडी, लोकर यांचे उद्योग प्राण्यांवर, तर मासळीचे समुद्रावर अवलंबून असतात.

आता सांगा, साबण कोणत्या प्रकारात येईल? वर्गात एकजण म्हणाला, "शेतीच्या, कारण तेल लागते." दुसरा म्हणाला, "खनिजांच्या, कारण सोडा लागतो." दोघेही बरोबर होते. आपल्याच तालुक्यातील लोणार सरोवराच्या पाण्यात सोडा आहे. येथे साबण आणि काच बनवण्याचे साहित्य मिळते, अशी नोंद अबुल फजल यांच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. आज ते सरोवर अभयारण्य आहे. २०२० साली त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला.

आणखी एक कोडे. जालन्याला भंगार वितळवून लोखंडी सळया करतात. भंगार शेतातून येत नाही आणि थेट खाणीतूनही येत नाही. हा उद्योग कोणत्या प्रकारात घालाल? कारण देऊन वहीत लिहा.