बोलण्याच्या आधीचं बोलणं

पोरी, परवा फोनवर रडलीस, "मावशी, चार वर्षांचा झाला, अजून आई म्हणत नाही." माझा ऑटिझमवाला लेक आता एकतीसचा आहे. माझ्या चुका लिहायला एक वही पुरायची नाही, त्यातल्या निवडून देते.

१. निदान झालं असलं तरी कान तपासून घे, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत होतं — ऑटिझम असून ऐकूही कमी येऊ शकतं, आणि मी "हाकेला बघत नाही, स्वभावच त्याचा" म्हणत वर्ष घालवलं.

२. काही विचारलंस की मनात दहापर्यंत मोज — ऐकलेलं आत पोचायला त्याला वेळ लागतो. पोहरा आपटला की पाणी गढूळ.

३. "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी धरू नकोस — ऐकायला कान लागतात.

४. तो तुलाच "पाणी हवंय का?" विचारू लागला तर हसू नकोस, त्याला तहान लागलीय — तुझं वाक्य तो जसंच्या तसं परत देतोय, थेरपिस्ट याला एकोलालिया म्हणतात. अशा वेळी त्याच्या तोंडचं वाक्य तू बोल, "मला पाणी दे", आणि लगेच पेला दे.

५. त्याच्या बाबालाही बोलायला बसव — माझा लेक दिवसभर माझ्याच पदराशी, सहा वर्षांचा होईस्तोवर "मी येते, मी जेवते" म्हणायचा. अख्खी चाळ हसली, मी तेवढी रडले.

६. थेरपिस्टने चित्रांची कार्डं दिली तर त्याच्या हाताला लागतील अशी लाव, फ्रिजच्या डोक्यावर नको — चित्र देऊन वस्तू मागायची ही रीत अमेरिकेत 1985 पासून चालत आलीय, आणि तिने बोलणं अडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. "मग तो बोलणारच नाही" म्हणणाऱ्या शेजारणीला चहा पाज आणि विषय बदल.

७. शाळा इंग्रजी असली तरी घरची मराठी सोडू नकोस — दोन भाषांनी अशी मुलं मागे पडतात असं आढळलेलं नाही. मला कुणीतरी "एकच भाषा" सांगितलं, तर मी सहा महिने मोडक्या इंग्रजीत लेकाला भरवत होते. लाडाचा एक शब्द सुचेल तर शपथ!

८. दप्तरात एक वही ठेव. बाई, थेरपिस्ट आणि तू, तिघींनी त्यात या आठवड्याचे शब्द लिहायचे — शाळेत "टॉयलेट", थेरपीत "बाथरूम", घरी "शू", अशाने माझ्या लेकाची चड्डी रोज ओली. तीन घरचे शब्द, लेकरू निःशब्द. वही कोरी आली तर भांडू नकोस, बाईंकडे तीसचाळीस पोरं असतात; तूच दोन ओळी लिहून पाठव, उत्तर येतं.

९. थेरपीतलं "दे", "अजून", "संपलं" पोळ्या लाटताना वापर, खाऊच्या डब्याचं झाकण जरा घट्ट लाव — मागायला कारण हवं. रडकुंडीला आला तर मात्र उघडून दे, तो डबा आहे, परीक्षा नाही.

१०. शाळा बघायला मधल्या सुट्टीत जा — खेळात कुणी याला ओढून घेतं का, ते तेव्हाच कळतं. नकार मिळाला तर गप्प परतू नकोस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेला त्यावरून प्रवेश नाकारता येत नाही.

११. "तीन महिन्यांत बोलता करतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस — मी बांगडी मोडून दिली होती.

गुरुवारी येतेय. वही काढून ठेव, पुरणपोळ्या मी आणते. "अजून" शिकवायला त्याहून बरं काही मला ठाऊक नाही.